मूल एका पालकाकडे राहतं, मग दुसऱ्याचं काम काय? (नागपूर, सहमतीचा घटस्फोट)

हिंगणारोडवाला:
आमचा सहमतीनं घटस्फोट होऊन राहिला आहे. पहिली तारीख झाली, दुसरीच्या आधी अटींचा मसुदा नक्की करायचा आहे. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. ती आईकडे मानेवाड्यात राहणार, हे आम्हा दोघांनाही मान्य आहे. शाळा तिथून जवळ, आजी घरात, मैत्रिणी त्याच गल्लीत. ताब्यासाठी भांडायचं माझ्या डोक्यातही नाही. आणि 'पुन्हा एकदा विचार करा' असं कृपया कोणी लिहू नका, तो विचार समुपदेशकांसमोर भरपूर झाला.

मसुद्यात माझ्याबद्दल चार ओळी आहेत. दर महिन्याला १२,००० रुपये. शाळेची अर्धी फी. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी अकरा ते सहा भेट. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्या 'परस्पर सोयीनुसार'. वकील म्हणतात, छान आहे, सही करा, मोकळे व्हा.

मला बायकोपासून मोकळं व्हायचं आहे, मुलीपासून नाही. पालकसभेला कोण जाणार? रात्री ताप चढला तर मला तेव्हाच कळणार, की पुढच्या रविवारी? तिला गणित जमत नाही हे मला कोण सांगणार? शिवाय माझी नोकरी बुटीबोरीला, शिफ्टची, साप्ताहिक सुटी फिरती. दुसरा-चौथा रविवार माझ्या हातात नसतोच.

ज्यांच्याकडे मूल राहत नाही त्यांनी सांगा, ज्यांच्याकडे राहतं त्यांनी तर नक्कीच सांगा. मसुद्यात काय हवं? आणि मसुद्यात लिहिता येत नाही पण करावं लागतं, असं काय?

तर्रीपोहे:
भाऊ, रविवारी अकरा वाजता नेऊन काय करणार? एप्रिल-मेमध्ये अकरा वाजता नागपुरात कोणी लेकराला घराबाहेर काढते का? वेळ सकाळी सातची करा. महाराजबागेत चक्कर, नाहीतर फुटाळा, मग पोहे, आणि दुपारी घरी कूलरसमोर झोप. बाकी कायद्याचं मला कळत नाही, वाचून राहिलो.

दोनपाळी_आई:
मी दुसऱ्या बाजूची. मुलगा माझ्याकडे असतो, आता चौथीत आहे. त्याचे बाबा वाईट नाहीत, पैसे वेळेवर देतात, आरडाओरडा नाही. तरी माझी तक्रार आहे आणि ती तुमच्या प्रश्नाला धरूनच आहे.

रविवारी ते त्याला घेऊन जातात. मॉल, गेम झोन, पिझ्झा, येताना एक खेळणं. संध्याकाळी तो परत येतो तेव्हा गृहपाठ बाकी, डबा धुतलेला नाही, दुसऱ्या दिवशीची वही सापडत नाही, आणि 'अभ्यास कर' म्हणणारी बाई मी. सोमवारी सकाळी शाळेची बस पकडून देणारीही मीच. तुम्ही पाव्हण्यासारखे येता आणि आम्ही पोलिसासारख्या घरात उभ्या.

मला पिझ्झा बंद व्हायला नको आहे. मला हवं आहे की त्यांनी एकदा त्याला दाताच्या डॉक्टरकडे न्यावं. शाळेचे बूट लहान झाले हे त्यांना दिसावं आणि सीताबर्डीला जाऊन त्यांनीच ते बदलून आणावेत. तेराचा पाढा त्यांच्या घरी पाठ व्हावा. केस कापणं, नखं काढणं, प्रकल्पाची चित्रं चिकटवणं यातलं अर्धं त्यांच्या दिवसात घडावं. मुलाला कंटाळा आला तर येऊ द्या. बापाच्या घरी कंटाळा येणं मला चांगलं लक्षण वाटतं, म्हणजे ते घर झालं.

दुसरं, येणार म्हणाल तर या. येणार नसाल तर आदल्या दिवशी सांगा, आणि मला नाही, त्याला सांगा. 'बाबा येणार' म्हणून तो मित्राच्या वाढदिवसाला गेला नाही, बाबांची मीटिंग निघाली, आणि दिवसभर राग माझ्यावर निघाला. त्या मीटिंगचं स्पष्टीकरण मी का द्यायचं?

काळाकोट:
'सही करा, मोकळे व्हा' असं वकील का म्हणतो ते मला कळतं, मीही त्याच धंद्यात आहे. पण हा मसुदा कच्चा आहे. सवडीनं लिहितो.

ताबा आईकडे गेल्यानं तुमचं पालकपण जात नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चं कलम ६ पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं म्हणतं, पण पालक म्हणून दोघांचीही जागा राहते, आणि कलम १३ नुसार मुलाचं हित सगळ्यांच्या वर. मूल कोणाजवळ झोपतं हा एक प्रश्न, त्याच्या आयुष्यातले निर्णय कोण घेतं हा दुसरा. तुमच्या मसुद्यात दुसऱ्यावर एक अक्षर नाही. शाळा बदलणं, ऑपरेशन, शहर सोडणं, पासपोर्ट या गोष्टी दोघांच्या लेखी संमतीनं होतील, एवढं एक वाक्य घाला. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या पासपोर्टला एरवीही साधारणपणे दोन्ही पालकांची संमती मागतात, तेव्हा दहा वर्षांनी धावपळ करण्यापेक्षा आत्ताच लिहिलेलं बरं.

पोटगी मुलीची आहे, तिच्या आईची नाही. आईनं 'मला काही नको' लिहून दिलं तरी मुलीचा हक्क उरतोच. आई कमावती असेल तर तिचाही वाटा येतो. २००० सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं बापानं दोन हिस्से आणि आईनं एक, असं मिळकतीच्या प्रमाणात वाटून दिलं होतं. तुमच्या १२,००० मध्ये दरवर्षीची वाढ लिहिलेली नाही. मुलगी दहावीत जाईल तेव्हा त्या पैशात शिकवणीसुद्धा होणार नाही, आणि वाढवून घ्यायला तिच्या आईला पुन्हा कोर्टात यावं लागेल. वाढीचा टक्का आत्ताच ठरवा. फी थेट शाळेच्या खात्यात भरा, पावती दोघांकडे.

कोर्टात भांडून हे ठरवायचं म्हटलं तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच गावचं आहे. ४ नोव्हेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा पोटगीवरचा निकाल सगळ्या देशाला लागू झाला. दोन्ही बाजूंनी मिळकत, खर्च, देणी यांचं शपथपत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, हे त्यात पक्कं झालं. तो वाद नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातला. अंतरिम पोटगीचा अर्ज २०१३ चा, लहान मुलासाठी महिना ५,०००, सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तेच कायम ठेवलं आणि दिल्लीहून शेवट लागायला २०२० उजाडलं. अंतरिम म्हणजे तात्पुरती, बरं का. तेवढ्यात पाळण्यातलं लेकरू दुसरीत जातं.

शेवटचं, घाबरून सही करू नका आणि घाबरून थांबूही नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबद्दलचे आदेश नंतरही बदलून मागता येतात. मुलीबाबत कोर्ट दार कायमचं लावत नाही.

एकटाबाप:
सगळं छान छान लिहून राहिले लोक. माझ्याकडे आदेश आहे, शिक्क्यासह. महिन्यातले दोन शनिवार. दारावर गेलो की कधी मुलगा झोपला, कधी आजोळी गेला, कधी 'त्याला यायचंच नाही'. कितीतरी शनिवार गेटवरून परत आलो. माझा अनुभव सांगतो, पैसे थांबवा, दुसऱ्या आठवड्यात फोन येतो. तेवढी एकच भाषा समजते.

दोनपाळी_आई:
आणि त्या महिन्यात मुलाची फी कोणी भरायची? तुमच्या बायकोला धडा शिकवाल, वर्गाबाहेर उभा राहील तो तुमचा मुलगा.

काळाकोट:
एकटाबाप, तुमचा राग खोटा नाही, पण सल्ला घातक आहे. पोटगी आणि भेट या कोर्टाच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी. पैसे थकले म्हणून आई भेट बंद करू शकत नाही, भेट मिळाली नाही म्हणून बाप पैसे थांबवू शकत नाही. थकबाकीवर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली वॉरंट निघतं (१ जुलै २०२४ च्या आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५), आणि न भरलेल्या एकेका महिन्यामागे महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आत जाऊन आलं की हिशेब फिटला असंही नाही, रक्कम देणं राहतंच. सर्वोच्च न्यायालयाचं फार पूर्वीपासून हेच मत आहे.

तुम्ही करायचं ते असं. दर शनिवारी ठरल्या वेळी जा, जाण्याआधी साधा मेसेज टाका, परत आल्यावर एक ओळ लिहून ठेवा. भांडण नाही, व्हिडिओ नाही, मुलासमोर पोलीस तर नाहीच. मग आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज. मुद्दाम भेट अडवणारा पालक हा मुद्दा ताब्याचा फेरविचार करताना कोर्ट बघतं. आणि अर्जात रोजचा फोन मागा. जानेवारी २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे की प्रत्यक्ष भेटीच्या जोडीला, ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं, व्हिडिओ कॉल असेल तर उत्तम.

एकटाबाप:
रोजच्या फोनचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. बघतो. पैशाचं तुमचं बरोबर असेल, मला अजून पटत नाही.

ऋतू_अमरावती:
मी मुलाच्या जागेवरून लिहिते. आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी चौथीत होते. आई आणि मी नागपुरात, बाबा अमरावतीला. आता मी नोकरी करते.

बाबा रोज रात्री साडेआठला फोन करायचे. फोन अत्यंत रटाळ असायचा. काय जेवली, उद्या कोणता तास पहिला, त्या मुलीनं रबर परत दिलं का. कधी कधी मी फोन बाजूला ठेवून टीव्ही बघायचे, ते बोलत राहायचे. पण माझ्या प्रत्येक बाईंचं नाव त्यांना पाठ होतं, आणि कोणाशी कट्टी आहे तेही. रबराची चौकशी करणारा माणूस लांब आहे असं मला तेव्हा वाटायचंच नाही.

जे नकोसं वाटायचं तेही सांगते. 'आईला सांग फी भरली.' 'बाबांना विचार या वेळी कधी येणार.' मी टपाल होते. दोघांनी एकमेकांना मेसेज टाकले असते तर माझ्या पोटात दर शुक्रवारी गोळा आला नसता. दुसरं, तिकडून आल्यावर होणारी चौकशी. कोण आलं होतं, काय बोलत होते, घरी स्वयंपाक कोण करतं. खरं सांगावं तर आई हिरमुसते, खोटं बोलावं तर मला झोप येत नाही. आणि बॅग. प्रत्येक वेळी बॅग भरायची, काहीतरी राहायचं. बाबांनी पुढे तिकडे माझं वेगळं कपाट केलं, ब्रश, कपडे, चप्पल, एक जादाची कंपासपेटी. तेव्हापासून मी तिकडे 'जायचे' नाही, तिकडेही राहायचे.

हिंगणारोडवाला, तुमची मुलगी सात वर्षांची आहे म्हणून आज रविवार मोठा वाटतो. आठवीत गेल्यावर मला रविवार मुळीच नको होता. शिकवणी, मैत्रिणी, झोप. बाबांनी ते मनावर घेतलं नाही. तेव्हा त्यांची बदली नागपूरला झाली होती, तर ते मला शंकरनगरच्या क्लासला सोडायला यायला लागले. गाडीवर मागे बसून, तोंडाकडे न बघता, मी त्यांना जेवढं सांगितलं तेवढं कोणाला सांगितलं नाही. वेळापत्रक मुलीबरोबर बदलू द्या.

वर्धारोड_मी:
या धाग्यात सगळे धरून चालले आहेत की मूल आईकडेच असते. माझा मुलगा त्याच्या बाबांकडे आहे. माझी नोकरी बदलीची, सध्या पुण्यात. तो नागपुरातच राहावा हा निर्णय आम्ही दोघांनी विचार करून घेतला. तरी नातेवाइकांत मी 'मुलाला टाकून गेलेली'. बाप बाहेरगावी नोकरीला गेला तर तो घरासाठी झिजतो, आई गेली तर काळीज दगडाचं. असो, त्यावर वेगळा धागा होईल.

कामाचं लिहिते. लहान मुलाशी व्हिडिओ कॉल म्हणजे 'बोल नं बाबू, काही तरी बोल' आणि तो छताचा पंखा दाखवतो. गप्पा मारायला बसलं की गप्पा होत नाहीत. म्हणून आम्ही कॉलवर काम करतो. तो शुद्धलेखन लिहितो, मी माझी ऑफिसची फाइल बघते. कधी एकाच गोष्टीच्या पुस्तकाच्या दोन प्रती, एक पान त्यानं वाचायचं, एक मी. अर्धा तास कसा जातो कळत नाही.

पैसे मीही देते, आणि ते 'मदत' म्हणून दिलेले नाहीत.

सगळ्यात त्रास झाला तो शाळेच्या अॅपचा. एकाच पालकाच्या मोबाइलवर सगळं येतं. सहल, परीक्षा, 'उद्या पांढरा शर्ट', सगळं मला त्याच्या बाबांना विचारावं लागायचं, आणि रोज विचारणारी मी कटकटी ठरत होते. शाळेला पत्र देऊन दुसरा नंबर जोडून घेतला. हे मसुद्यात घाला, दोन्ही पालकांना शाळेची माहिती थेट मिळेल. एका ओळीनं आमची निम्मी भांडणं कमी झाली.

खडूवाल्या_बाई:
मी शिक्षिका आहे, शाळेच्या बाजूनं थोडं.

आम्हाला तुमच्या भांडणात पडायचं नसतं, पण मुलाला कोणाबरोबर सोडायचं हे आम्हाला त्या क्षणी ठरवावं लागतं. 'बाबांकडे देऊ नका' असं आईनं तोंडी सांगितलं तर आम्ही काय करावं? आदेश असेल तर त्याची प्रमाणित प्रत ऑफिसात द्या. नसेल तर दोघं मिळून एक पत्र द्या, कोण कधी नेणार. प्रवेशअर्जावर दोघांचे नंबर असू द्या. पालकसभेला एकत्र बसवत नसेल तर वेगळी वेळ मागा, बहुतेक वेळा देता येते. फक्त एकमेकांच्या तक्रारींचा कागद वर्गशिक्षिकेकडून लिहून मागू नका. 'आईकडून आल्यावर मुलगी गप्प असते असं लिहून द्या,' असं मला एकदा नाही, वारंवार ऐकायला मिळालं आहे.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर एका पालकानं न्यायचं आणि सोमवारी सकाळी शाळेतच सोडायचं, ही पद्धत मला आवडते. दोघांना एकमेकांच्या दारात उभं राहावं लागत नाही.

दोनपाळी_आई:
बाई, तुमची पद्धत कागदावर चांगली आहे. पण त्यासाठी शुक्रवारचं दप्तर, रविवारचा गृहपाठ, सोमवारचा गणवेश आणि डबा, हे सगळं त्या पालकाला जमायला हवं. जमत असेल तर माझी ना नाही. उलट मला दोन सकाळी जरा झोप मिळेल.

महालचे_आबाजी:
आम्ही बाप आईच्या मधलेही नाही, वरचे. नात सुनेकडे असते. पोराच्या वेळात ती आमच्याकडे येते, पोराचा वेळ कमी, त्यात आमचा काय उरते? तरी मी सुनेला दोष देत नाही. ती बाई कामाची आहे. मी तिला फोन करून सरळ विचारलं, तान्हा पोळ्याला नातीला पाठवते का, लाकडी नंदी तिच्या पणजोबाचा आहे. ती म्हणाली, बाबा, तुम्हीच या न्यायला. दोन तास मोहल्ल्यात फिरली, घरोघरी बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारे खाऊ-पैसे, गोळा केला, आणि सहाच्या आत मी तिला परत पोहोचवलं. सहा म्हणजे सहा. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा मिळाली.

हिंगणारोडवाले, दिवाळी सगळे लिहितात. तुम्ही तान्हा पोळा लिहून घ्या. लेकरं लहान आहेत तोवरच तो सण आहे. आणि आम्हा म्हाताऱ्यांचा एक तास, फोनवर का होईना. मुलीसमोर तिच्या आईबद्दल वाकडं बोलू नका हे तुम्हाला माहीत असेल, ते तुमच्या आईलाही सांगा. आमच्या घरात ते मला दोनदा सांगावं लागलं.

हिंगणारोडवाला:
सगळं वाचलं. पिझ्झावाला बाप होण्याची भीती होतीच, दोनपाळी_आईंनी ती उघड केली. काल मुलीच्या आईशी बोललो, तिच्या बहिणीच्या घरी बसून, भांडण झालं नाही.

ठरलं ते असं. रविवार काढला. शिफ्टचा तक्ता महिन्याच्या २५ तारखेला लागतो, त्याच दिवशी मी तो तिला पाठवणार आणि पुढच्या महिन्यातल्या माझ्या दोन साप्ताहिक सुट्या मुलीच्या. त्यातली एक शाळेच्या दिवशी आली तर शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत, गृहपाठ माझ्याकडे. रात्रपाळी नसेल तेव्हा पावणेआठला फोन. गणित माझ्याकडे, म्हणजे आधी मलाच दुसरीचं पुस्तक वाचावं लागेल, हल्ली वजाबाकी वेगळ्याच पद्धतीनं शिकवतात. डॉक्टरांचं असं की ताप आला तर त्याच वेळी मेसेज, लसीकरण आणि दात माझ्याकडे. शाळेच्या अॅपवर दोन्ही नंबर. तान्हा पोळा एक वर्ष आड, दिवाळीत लक्ष्मीपूजन तिच्याकडे आणि भाऊबीज माझ्याकडे, कारण आतेभाऊ माझ्याकडे जमतात.

दोन गोष्टी अडल्या आहेत. तिच्या आयुष्यात पुढे कोणी आलं, किंवा माझ्या, तर मुलीशी गाठ कधी घालायची? ती म्हणते 'लग्न ठरल्याशिवाय नाही'. मला हे लिहून देणं विचित्र वाटतं. आणि मला काही झालं तर १२,००० चं काय?

ऋतू_अमरावती:
नव्या माणसाबद्दल मुलाच्या बाजूनं एकच. मला ती बातमी आत्याकडून कळली होती. बाबांनी स्वतः, आधी, एकट्यात सांगितली असती तर मी कदाचित एवढी वाईट वागले नसते. कधी सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, कोणी सांगायचं ते मसुद्यात लिहा.

वर्धारोड_मी:
'लग्न ठरल्याशिवाय नाही' हे बहुतेक वेळा आईलाच बांधून ठेवायला वापरलं जातं. इथे ती स्वतःच म्हणते आहे म्हणून ठीक, पण अट दोघांना सारखी हवी. आणि नवा माणूस आला म्हणून भेटीचे दिवस कमी होणार नाहीत, हेही त्यातच.

काळाकोट:
नव्या जोडीदाराची अट लिहिली तरी ती कोर्टातून पाळून घेणं अवघड. 'आधी दुसऱ्या पालकाला कळवणार, मग मुलीला स्वतः सांगणार' एवढं लिहा, निभावेल.

तुम्हाला काही झालं तर, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. टर्म विमा काढा, नॉमिनी मुलगी ठेवा, पण ती अज्ञान आहे तोवर रक्कम स्वीकारायला एक सज्ञान व्यक्ती नेमावी लागते, तिथे कोणाचं नाव हे शांतपणे ठरवा. मुलीची आई हेच बहुतेक वेळा योग्य उत्तर असतं, कितीही जड गेलं तरी. कंपनीच्या मेडिक्लेममधून घटस्फोटानंतर बायकोचं नाव निघतं, मुलीचं निघत नाही. एचआरवाले गडबडीत दोन्ही काढतात, तेव्हा स्वतः लक्ष ठेवा आणि कार्डाची प्रत तिच्या आईकडे द्या. रात्री दोनला ॲडमिट करताना कार्ड तुमच्या पाकिटात बुटीबोरीला असून उपयोग नाही.

सुकन्या समृद्धीचं खातं आहे का? मुलीच्या नावानं एकच उघडता येतं, वय दहा व्हायच्या आत. रागारागात दोघं दोन पोस्टांत जातात आणि मग एक बंद करत बसतात. वर्षाला किमान २५०, जास्तीत जास्त दीड लाख. कोणी किती भरायचं ते लिहा.

आणि तिच्या आईला वेगळा वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला सांगा. स्त्रियांना तिथे मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो. मसुदा दोघांच्याही बाजूनं वाचला गेलेला बरा. तुमच्याच वकिलानं लिहिलेला कागद दोन वर्षांनी तिला फसवणूक वाटू शकतो.

एकटाबाप:
हिंगणारोडवाले, तुमची बायको बोलायला बसली हे नशीब समजा. माझा अर्ज टाकायला दिला आहे, रोजच्या फोनची मागणी त्यात घातली. या महिन्याचे पैसे पाठवले. पटून नाही, काळाकोट साहेबांच्या वॉरंटच्या भीतीनं.

दोनपाळी_आई:
भीतीनं का होईना, पोचले ना? मुलाच्या शाळेला तेवढंच कळतं.

तर्रीपोहे:
एक राहिलंच. उन्हाळ्याच्या सुट्यांचं काय केलं? आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पुण्या-मुंबईच्या नंतर. वकील लोक तिकडचा छापील मसुदा उचलतात आणि '१५ जूनला परत' लिहून मोकळे होतात. आठवडा-दोन आठवडे फुकट जातील तुमचे. सीबीएसई असेल तर त्यांचं कॅलेंडर पुन्हा वेगळं.

हिंगणारोडवाला:
खरंच १५ जून लिहिलं होतं! 'शाळा उघडायच्या चार दिवस आधी' असं करून घेतलं. 'परस्पर सोयीनुसार' अजून एका ठिकाणी आहे, आजारपणाच्या कलमात. तोही काढायचा का?

काळाकोट:
काढा. सोय असेपर्यंत कोणाला कागद लागत नाही. तिथे लिहा: मुलगी आजारी असेल तर भेट तिच्याच घरी, निदान एक तास, आणि चुकलेला दिवस पुढच्या पंधरा दिवसांत भरून द्यायचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो दोघांना. मसुदा नक्की झाला की दोघांनी प्रत्येक पानावर सही करा, आणि तारखेच्या दिवशी मुलीला कोर्टात आणू नका, कोर्टानं बोलावलं नसेल तर तिची तिथे गरज नाही.

हिंगणारोडवाला:
नाही आणणार. त्या दिवशी तिची घटक चाचणी आहे, गणिताचीच.